कुंभवणच्या सड्यावरच्या दोघी

"ती धाकली हाय ना, ती माजी यमू."

अंधारातून आवाज आला तेव्हा पडद्यावर आमचाच सडा, गावावरचं कातळाचं पठार, दिसत होता. वरून, पक्ष्याच्या नजरेतून घेतलेला. काळपट कातळ, त्यावर वाळलेलं पिवळं गवत, आणि मधोमध पंधरा-सोळा फूट लांबीची, कातळात कोरलेली बाई. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, चेहऱ्याच्या जागी नुसतं वर्तुळ. तिच्या डाव्या बाजूला, कमरेला लागून, तशीच एक छोटी आकृती. निवेदक खर्जातल्या आवाजात सांगत होता की ही बहुधा मातृदेवता असावी, आई आणि मूल, काही हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने सृजनाला केलेला नमस्कार.

दोघं-तिघं हसले. कुणीतरी "श्श" केलं. मी प्रोजेक्टरपाशी उभी होते, मला वाटलं कुणाची तरी गंमत चालली आहे.

वाचनालयात दर रविवारी चार वाजता आम्ही माहितीपट दाखवत असू. ही कल्पना मयेकर सरांची. सर हायस्कूलमधून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, मी त्यांचीच विद्यार्थिनी आणि कुंभवणच्या वाचनालयाची ग्रंथपाल. खिडक्यांना चादरी लावायच्या, इंटरनेटवर फुकट मिळणारे माहितीपट आधी उतरवून ठेवायचे, आणि नंतर अर्धा तास चर्चा. विश्वाची उत्पत्ती झाली, समुद्रात बुडालेल्या नगरांवर झालं, पुनर्जन्मावरही एक झाला. त्या दिवशी सर आणि आमच्या गावचे कीर्तनकार गोडबोलेबुवा यांच्यात चहा थंड होईपर्यंत वाद झाला होता. पण गर्दी अशी कधी झाली नव्हती. पुण्याच्या दोन मुलांनी आमच्याच सड्यावर बेचाळीस मिनिटांचा माहितीपट केला होता आणि गावाला स्वतःला पडद्यावर बघायचं होतं.

दिवे लावले तेव्हा कळलं, बोलणाऱ्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. भागीरथीकाकी गोरिवले. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने किरकोळ, डोक्यावरून पदर. नवरा राघो गेल्यापासून खालच्या वाडीत एकट्याच राहायच्या. अंगणवाडीतल्या सुलभाने त्यांना पहिल्यांदाच आणलं होतं.

लोक पांगल्यावर सर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"काकी, मघाशी तुम्ही काय म्हणालात?"

"ती माजी यमू, म्हनलं. यमूच्या बापसान काडलान ता."

"कधी?"

काकींनी जरा आठवलं. "कोयनेचा धरनीकंप झाला ना, त्याच्या फुडल्या उन्हाळ्यात. यमू गोवरात गेली. चार वर्साची व्हती. मग ह्यो उठायचा नि सड्यावर जायचा. टाकी नि हातोडा घेऊन. महिनाभर जात व्हता. जात्यांना टाकी लावायचा त्यो, हात बसलेला व्हता."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

याचं कारण असं. सड्याच्या त्या भागातली सात एकर जमीन चिरेखाणीसाठी जाणार होती. खाण म्हणजे काय हे आम्ही शेजारच्या गावात पाहिलं होतं. कातळ चौकोनी कापत कापत वीस-वीस फूट खाली जातात आणि मागे राहतात ते नुसते खड्डे. ती थांबवावी या आमच्या अर्जावर पहिली सही सरांची होती, दुसरी माझी. त्या कोरलेल्या बाईमुळेच खाणीला तात्पुरती स्थगिती मिळाली होती. कडेला आणखी दोन आकृत्या होत्या, पण त्या इतक्या पुसट की सकाळच्या तिरप्या उन्हाशिवाय दिसतही नसत. सगळी भिस्त या बाईवर. आणि पुरातत्त्वाच्या तज्ज्ञ अठरा दिवसांनी पाहणीला येणार होत्या.

"काकी," मी खाली वाकून म्हणाले, "हे सध्या कुणाला सांगू नका."

"का गो बाय?"

"पाहणी व्हायची आहे. ते जुनं आहे म्हणून सडा वाचतोय. हे ऐकलं तर लोक म्हणतील सगळंच खोटं."

त्यांनी मान डोलावली. समजलं म्हणून डोलावली की मी सांगते म्हणून, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

वाचनालयाच्या पायरीवर सर बराच वेळ बसून राहिले.

"आयुष्यभर पोरांना सांगितलं," ते म्हणाले, "प्रयोगाचं उत्तर आपल्याला नको असलेलं आलं तरी वहीत तेच लिहायचं. आणि तू आज त्या बाईला गप्प केलंस."

"मग तुम्ही का नाही बोललात तेव्हा?"

"तेच कळत नाहीये." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ते खरं असेल तर आपला अर्ज खोटा. आपण खोटी सही केली."

"आपल्याला कुठे माहीत होतं?"

"आता आहे ना."

"आणि खाण सुरू झाली तर?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "मला आठ दिवस दे. तू तोवर शोध. इंटरनेटवर तुझा हात चांगला आहे. काही जुना उल्लेख, नकाशा, फोटो. या बाईच्या नवऱ्याच्या आधीचा. मिळालं तर प्रश्नच मिटला."

मी शोधायला लागले, आणि प्रश्न मिटायच्या ऐवजी वाढतच गेले.

उपग्रहाची जुनी चित्रं पाहिली. बारा-तेरा वर्षांमागे जाता आलं, त्यात सड्यावर त्या जागी एक फिकट डाग होता. ती आकृती असेल, गवताचं बेट असेल, नाहीतर म्हशी बसलेल्या असतील. जुने भूमापनाचे नकाशे कुणीतरी स्कॅन करून ठेवले होते. त्यात सडा होता, पाण्याचं टाकं होतं, बाकी काही नाही. कोकणातल्या कातळचित्रांवर तीन लेख वाचले. एकात म्हटलं होतं ती दहा हजार वर्षांची असावीत, दुसऱ्यात दोन हजार, तिसऱ्यात लिहिलं होतं की अशा कातळावरचं काम नेमकं किती जुनं हे सांगण्याची खात्रीची पद्धत अजून हाताशी नाही. एक व्हिडिओ सापडला, त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते की या आकृत्या आकाशातून येणाऱ्यांसाठी काढलेल्या खुणा आहेत. तो साडेतीन लाख लोकांनी पाहिला होता. मी गावात विचारलं तर जुनीजाणती माणसं म्हणाली, पांडवांनी काढल्यात, वनवासात असताना. दोघांनी सांगितलं, त्या बाईला गुराखी पूर्वी नारळ द्यायचे. एकाने सांगितलं, छे, नारळ टाक्यावरच्या दगडाला द्यायचे, ही बाई तर आम्ही लहानपणी पाहिलीच नव्हती, तिकडे करवंदाची जाळी होती.

पाचव्या दिवशी मला एका जुन्या नियतकालिकाचं स्कॅन मिळालं. शंभर वर्षांपूर्वी या भागात फिरलेल्या कुणा अधिकाऱ्याची टिपणं. त्यात कुंभवणवर इंग्रजीत दोन ओळी होत्या. कातळावर मनुष्याकृती कोरलेली आहे, गावकरी तिला मानतात. मी लगेच सरांना फोन लावला. ते सायकलवरून धापा टाकत आले, चष्मा नाकावर चढवून स्क्रीनजवळ वाकले.

"पुढे वाच," ते म्हणाले.

पुढे लिहिलं होतं, पाण्याच्या टाक्याच्या पूर्वेला शंभर पावलांवर.

आमची बाई टाक्याच्या पश्चिमेला होती, तीनशे पावलांवर.

"चुकून पूर्व लिहिलं असेल," मी म्हणाले.

"असेल. किंवा दुसरी एखादी आकृती असेल, जी आता गेली." सर खुर्चीत मागे टेकले. "आणि मुलाचा उल्लेखच नाही. मूल नव्हतं म्हणून नाही, की त्याने लिहिलं नाही म्हणून नाही, की ही ती आकृतीच नव्हे म्हणून नाही?"

"सर, मला आता काहीच समजत नाहीये."

"मला तरी कुठे समजतंय," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी वाचनालयात आल्या. एकट्याच, चालत. वाडीपासून ते दीड मैल आहे. मी पुस्तकांना क्रमांक घालत बसले होते. त्यांनी पाणीही घेतलं नाही. टेबलाच्या कडेला हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाय, एक इचारू?"

"विचारा ना. बसा आधी."

त्या बसल्या नाहीत. "यमूच्या बापसान पाप केलान काय?"

"असं का म्हणता?"

"तू म्हनलीस ना, बोलू नको. चोरी केलेली असली की तसा सांगतत."

आजही मी त्या दुपारकडे मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या क्षणी उठून त्यांचा हात धरायला हवा होता. मी तसं केलं नाही. माझ्या डोक्यात पूर्व-पश्चिम, शंभर पावलं, तज्ज्ञांची तारीख, हे सगळं घोळत होतं. मी शिकवल्यासारखं बोलले.

"पाप नाही हो काकी. पण कसं असतं, जुन्या वस्तूच्या अंगाला कुणी नवं काही केलं की जुन्याची किंमत जाते. मग सरकार म्हणतं, हे जुनं नाहीच. ती धाकटी आकृती तिथे नसती तर काही अडचण नव्हती."

"धाकली नसती तर," त्या म्हणाल्या.

"हो. म्हणजे, असं आपलं म्हणायचं."

त्यांनी टेबलावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "बरां," आणि गेल्या. मी परत क्रमांक घालायला लागले.

तीन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला सुलभाचा फोन आला. "ताई, भागीरथीकाकी तुमच्याकडे आल्यात काय? सकाळपासून घरात नाहीत. दार उघडंच हाय. माळ्यावरून काहीतरी काढलेलं दिसतंय, राघोकाकांच्या हत्यारांचा डबा खाली पडलाय."

क्षणभर मला काही उलगडलं नाही. मग उलगडलं.

मी सरांना फोन केला आणि शेजारच्यांची स्कूटर मागून घेतली. सर मागे बसले. सड्यावर गाडीवाट संपते तिथून पुढे पायी जावं लागतं. डिसेंबर असूनही कातळ तापलेला होता, वरून वारा होता तो कोरडा. दुरूनच ठक ठक ऐकू आलं. मध्ये थांबायचं, परत यायचं.

काकी त्या बाईच्या कमरेपाशी बसल्या होत्या, पाय एका बाजूला घेऊन. हातात गंजलेली टाकी आणि छोटा हातोडा. धाकटीचं एक पाऊल गेलं होतं. त्या जागी लाल ताजा दगड उघडा पडला होता आणि भुकटी त्यांच्या लुगड्यावर, हातांवर, भुवयांवर बसली होती.

"काकी, थांबा," मी म्हणाले. "थांबा, काय करताय हे."

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. काम करताना कुणी हाक मारावी तसा चेहरा.

"तू म्हनलीस, धाकली नसती तर. म्हनून काडतंय. हात चालत नाय आता. त्याला महिना लागला व्हता, माला किती लागंल कोन जाने."

मी त्यांच्या हातातली टाकी घेतली. त्यांनी सोडली. मी कातळावर त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं. ते मला आवरेना. काकी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. ज्या पोरीची आकृती त्या फोडत होत्या तिच्याजवळ बसून त्या मला धीर देत होत्या, आणि मी तो घेत होते.

सर उभेच होते. उन्हात, डोक्याला काही नाही. त्यांनी खाली बसून धाकटीच्या उरलेल्या अंगावरून बोट फिरवलं, मग मोठीच्या.

"काकी," त्यांनी हळू विचारलं, "हे दोन्ही राघोंनी काढलं ना?"

"दोनी?" काकींना प्रश्न कळला नाही. "नाय. मोठी व्हती. मोठी देवी हाय. तिच्या बाजूला यमूला ठेवलान. म्हनला, हितं एकटी नाय ऱ्हायची."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी डोळे पुसायची थांबले.

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले.

"तुमी मोठीचा कदी इचारलाव? मास्तर म्हनले कदी काडलान, मी यमूचा सांगितला. माला वाटला मोठीचा तुमाला म्हाईत हाय. तुमी शिनेमात बगितलाव ना."

दहा दिवस आम्ही दोघं इंटरनेट पालथं घालत होतो. समोर बसलेल्या बाईला तो एक प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता. मला हसावं की काय करावं ते कळेना. सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाजही वाटली, कारण ते फुटलेलं पाऊल समोरच होतं.

मग सरांनी विचारलं. विचारताना त्यांना स्वतःलाच नको वाटत होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं, पण ते थांबू शकले नाहीत.

"काकी, तुम्ही मोठीला आधी बघितली होती? यमू जायच्या आधी?"

"नाय. हिकडं आमी बाया येत नव्हतो. करवंदीची जाळ व्हती, वाघरू असायचा."

"मग पहिल्यांदा कधी बघितलीत?"

"काम झाल्यावर. त्यान आनला माला. दाकवलान. म्हनला, बग, ही देवी पयल्यापासून हितं हाय, मी जाळ तोडली तवा गावली. आता यमू हिच्याजवळ हाय. तू रडू नको."

वारा सुटला. गवताचा आवाज होत राहिला. सरांच्या मनात जे आलं तेच माझ्या मनात आलं होतं. राघो गोरिवले नावाचा एक टाकी लावणारा माणूस, पोर गेलेली, बायको खात-पीत नाही. तो महिनाभर एकटा सड्यावर. त्याने एक आकृती काढली, की दोन काढल्या आणि बायकोला सांगितलं की मोठी देवी आहे, आधीचीच आहे?

काकी आमच्या तोंडांकडे बघत होत्या. "काय झाला?"

"काही नाही," सर म्हणाले. "चला काकी. ऊन झालं."

सरांनी त्यांना हात देऊन उठवलं. उतरताना त्यांनी काकींच्या डोक्यावर स्वतःचा रुमाल धरला होता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं परत पायरीवर बसलो. या वेळी वाद झाला नाही.

"जे ऐकलं ते सगळं सांगायचं," मी म्हणाले. "काकींचं, जाळीचं, शंभर पावलांचं. आणि फुटलेल्या पावलाचंही. ते माझ्यामुळे झालं हेही."

"खाण झाली तर?"

"झाली तर झाली असं म्हणता येत नाही मला. पण तिला परत गप्प बसा म्हणून सांगताही येणार नाही."

सर म्हणाले, "माझी सही आहे अर्जावर पहिली. पहिला मी बोलेन." मग जरा थांबून, "शंभर टक्के त्यानेच दोन्ही काढल्यात असं मला वाटतं. आणि तसं नसावं असंही वाटतं. हे मी वर्गात कसं शिकवलं असतं, सांग."

पाहणीच्या दिवशी तज्ज्ञ म्हणून आल्या त्या डॉ. निवेदिता ढवळे, पन्नाशीच्या, पायात बूट, डोक्याला पंचा गुंडाळलेला. खाणवाल्यांचा एक माणूस आला होता, ग्रामपंचायतीची दोन माणसं, आणि आम्ही. काकींना मी स्वतः घेऊन आले होते. सरांनी सुरुवात केली, पण मध्येच त्यांचा आवाज बसला, म्हणून उरलेलं मी सांगितलं. खाणवाल्यांच्या माणसाने वही काढून लिहायला सुरुवात केली. मला दिसत होतं, तो भराभर लिहीत होता.

ढवळे मॅडमनी मध्ये एकही प्रश्न केला नाही. सगळं ऐकून घेतलं, मग पालथ्या झोपल्या. अक्षरशः कातळाला गाल लावून. एका हाताने आरसा धरून त्यांनी ऊन त्या रेषांत सोडलं. धाकटीजवळ अर्धा तास, मोठीजवळ दोन तास. आम्ही झाडाबिडाशिवाय उन्हात उभे. काकी मात्र मोठीच्या डोक्याशी बसल्या होत्या, ओळखीच्या घरी बसावं तशा.

शेवटी मॅडम उठल्या, गुडघे झटकले आणि काकींकडे गेल्या.

"आजी, धाकटी तुमच्या मालकांनीच काढली आहे. पोलादी टाकीचं काम आहे, रेषेचा तळ टोकदार आहे. हात फार चांगला होता त्यांचा."

काकींनी पदराने तोंड पुसलं.

"आणि मोठी?" सरांनी विचारलं.

"मोठीच्या रेषांचा तळ गोल आहे, झिजलेला. टाकीचे व्रण मला दिसत नाहीत. पण पन्नास पावसाळे या दगडाला कमी नाहीत, आणि कसबी माणूस मुद्दाम घासूनही काढू शकतो. माझा अंदाज, जुनी आहे. अंदाजच म्हणतेय, खात्री नाही." मग त्या आमच्याकडे वळल्या. "त्या कडेच्या दोन पुसट आहेत ना, त्यांच्याबद्दल मात्र मला शंका नाही. त्या फार जुन्या आहेत. तुम्ही त्यांच्याकडे कुणी नीट बघितलंच नाहीत वाटतं."

नव्हतं बघितलं. दिसायला चांगल्या नव्हत्या म्हणून अर्जात एका ओळीत उरकल्या होत्या.

सात एकरांवरची खाण झाली नाही. त्या दोन पुसट आकृत्यांमुळे झाली नाही. पुण्याच्या मुलांना मी सगळं कळवलं, त्यांनी माहितीपटातलं ते निवेदन बदललं. आता तिथे मातृदेवता असा शब्द नाही. निवेदक सांगतो की मोठ्या आकृतीविषयी मतभेद आहेत. आकाशातून येणाऱ्यांचा व्हिडिओ मात्र अजून तसाच आहे, आणि आता तो नऊ लाख लोकांनी पाहिलाय.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. मयेकर सर अजूनही रविवारी येतात. एखाद्या रविवारी मला हळूच म्हणतात, त्यानेच काढल्या गं दोन्ही. मी विचारते, कशावरून? ते म्हणतात, माणूस बायकोला काय सांगेल यावरून. पुढच्या रविवारी विसरतात आणि उलटं सांगतात. माझंही तसंच आहे. सड्यावर गेले की मोठी मला हजारो वर्षांची वाटते. घरी आले की राघोकाकांचे हात दिसतात, मोठीच्या रेषा दगडाने घासत बसलेले, त्या जुन्या वाटाव्यात म्हणून.

पाहणीचा अहवाल दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये आला. मराठी प्रत मी मागून घेतली आणि काकींकडे गेले. त्या अंगणात कुळीथ झोडत होत्या. काठी बाजूला ठेवून, हात पुसून समोर बसल्या. मी वाचलं. लहान आकृती, लांबी चार फूट दोन इंच. कोरणारा, राघो धाकू गोरिवले, कुंभवण. काळ, सन एकोणीसशे अडुसष्ट. विषय, त्यांची दिवंगत मुलगी यमुना. डाव्या पावलाची हानी झालेली आहे.

"यमुना लिवलाव," काकी म्हणाल्या. "यमू नाय."

"पूर्ण नाव लिहितात."

"बरा दिसता." त्यांनी मला ती ओळ परत वाचायला लावली. मग बोटाने कागदाची वरची बाजू दाखवली. "नि मोठीच्या म्होरं काय लिवलाव?"

"मोठी आकृती. कोरणारा अज्ञात. म्हणजे माहीत नाही कोणी काढली. काळ निश्चित नाही. विषय निश्चित नाही."

एक कोंबडी कुळथात शिरली होती, काकींनी तिला हुसकलं नाही.

"म्हंजे तिचा सांगनारा कोन ऱ्हायला नाय," त्या म्हणाल्या.